आई बोलत नाही

४ मार्च
खाणीवरचा दवाखाना
(टपालाने)

दादा,

तुझं पत्र आणि त्यात घातलेली आईची चिठ्ठी, दोन्ही मिळालं. टपालाचं पोतं या खेपेला ट्रकमध्ये सिमेंटच्या गोण्यांखाली दबलं होतं, त्यामुळे तुझं पत्र तोंडाला पावडर फासून आल्यासारखं दिसत होतं. तीन आठवड्यांचा प्रवास म्हटल्यावर तेवढा नट्टापट्टा हवाच. आईने लिहिलंय, 'तब्येत सांभाळ, केस कापू नकोस.' केस मागच्याच महिन्यात कापले. तिला सांगू नकोस.

इथलं तुला माहीतच आहे. डोंगर पोखरून काढलेली खाण, तिच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची ओळ आणि ओळीच्या टोकाला आमचा चार खाटांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून एकदा उगवतो. बाकीचे दिवस नर्स, कंपाउंडर आणि झाडूवाली या तिन्ही जागा मीच चालवते. 'हे' सुरुंगाच्या कामावर. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. ऑफिसातला फोन खांब कोसळल्यापासून मुका आहे आणि मोबाइलवर 'हॅलो' म्हणेपर्यंत तुटतं.

पण आता एक नवी सोय झालीय, ती सांगायलाच हे पत्र. पाण्याच्या टाकीवर चढलं की मोबाइलला सिग्नलची जेमतेम एक दांडी मिळते. तेवढ्यावर बोलणं होत नाही, पण लेखी संदेश येतो-जातो. फोनच्या कंपनीने अशी व्यवस्था केलीय की तू तुझ्या संगणकावरून ईमेल लिहिलास की तो माझ्या फोनवर संदेश होऊन येतो, आणि मी संदेशातून उत्तर दिलं की ते तुझ्याकडे ईमेल म्हणून पोहोचतं. पत्ता खाली दिलाय. एकेक अक्षर तपासून घे असं लिहिणार होते, पण तुला ते सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. इथल्या कारकुनाला मी विचारलं, ईमेल लांबलचक असला तर? तो म्हणाला, "केवढाही असू द्या बाई, जातो."

तेव्हा आता तीन आठवडे वाट बघायला नको. वहिनीला नमस्कार. मी टाकीवर चढते हे आईला जरूर सांग, म्हणजे तिला काळजी करायला काही तरी मिळेल.

चिऊ


२८ मार्च
(ईमेल)

चि. सौ. चिऊ हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले, मजकूर समजला. इकडील सर्व क्षेम असून तुम्हां उभयतांचे क्षेम वेळोवेळी कळवीत जावे. पत्र लिहिण्यास कारण की, आईच्या प्रकृतीसंबंधी एक गंभीर बाब तुला तातडीने कळविणे आवश्यक झाले आहे. टपाल वेळेत गाठणार नाही. तू कळविलेल्या नव्या सोयीचा पहिला उपयोग अशा कारणासाठी व्हावा, याचे वाईट वाटते.

आईचा आवाज गेले काही महिने बसलेला होता, हे तुला माहीत नाही; तुला कळवू नये असे तिनेच सांगितले होते. घशाला थंडी लागली असेल, या समजुतीवर आपण सर्वांनीच वेळ काढला. गेल्या आठवड्यात मी तिला मोठ्या रुग्णालयात नेले. तपासणीअंती स्वरयंत्रावर गाठ असल्याचे निष्पन्न झाले. डॉक्टरांच्या मते वेळ न दवडता शस्त्रक्रिया केल्यास जिवाला धोका नाही. तथापि, स्वरयंत्र संपूर्ण काढून टाकावे लागेल. शस्त्रक्रियेची तारीख १६ एप्रिल ठरली आहे.

याचा अर्थ संदिग्ध राहू नये म्हणून स्पष्ट लिहितो. १६ एप्रिलनंतर आईला आवाज असणार नाही. तो परत येणारा नाही.

डॉक्टर हे सर्व मला बाजूला घेऊन सांगत होते, तर आईने त्यांना हाताने थांबवले व समोर बसून सांगायला लावले. ऐकून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला : असलेला आवाज जपून ठेवता येतो का? डॉक्टर हसले नाहीत. कमी बोलत जा, एवढेच म्हणाले. रुग्णालयाच्या पायऱ्या उतरताना आई मला म्हणाली, "चिऊ आली की बोलायचंय. तेवढा ठेवते."

तेव्हापासून ती बोलणे बंद करून बसली आहे. चहा हवा असल्यास तुझ्या वहिनीला खुणेने सांगते. वहिनीने पहिल्या दिवशी चुकून पाण्याचा तांब्या आणला, तर कपाळाला हात लावून हसली, पण शब्द खर्च केला नाही.

तरी हे पत्र पावताच मिळेल त्या ट्रकने निघावे. जावईबापूंना रजा नसल्यास तू एकटी ये. कळावे, लोभ असावा.

तुझा,
दादा


२९ मार्च
(फोनवरून संदेश)

दादा, टाकीवर उभी राहून वाचलं. फार आनंद झाला. आम्ही दोघं मजेत. आईला सांग, तिची लेक आता वानरासारखी शिडी चढते. असंच लिहीत जा. चिऊ


२ एप्रिल
(ईमेल)

चि. सौ. चिऊ हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले, मजकूर समजला. इकडील सर्व क्षेम असून तुम्हां उभयतांचे क्षेम वेळोवेळी कळवीत जावे. पत्र लिहिण्यास कारण की, तुझा २९ मार्चचा संदेश मी पुनःपुन्हा वाचला आणि तो तूच लिहिला आहेस, यावर माझा अद्याप विश्वास बसत नाही.

'फार आनंद झाला' हे शब्द मी छापून समोर ठेवले आहेत. आवक-जावक विभागात माझी हयात गेली. लोक विचित्र पत्रे लिहितात, हे मी जाणतो. नोकरीवरून काढल्याच्या पत्राला आभाराचे उत्तर आलेले मी पाहिले आहे. परंतु आईचा आवाज जाणार, हे वाचून आनंद झाल्याचे पोटच्या मुलीने लिहावे, याला माझ्याकडे कोणतेही स्पष्टीकरण नाही. तुझ्याकडे असल्यास ते मला हवे आहे.

त्या दिवशी कचेरीतून घरी आल्यावर आईने खुणेने विचारले, उत्तर आले का? मी तुझा संदेश वाचून दाखवला, पण ते दोन शब्द वगळले. कसे कोण जाणे, तिला ते कळले. हात पुढे करून तिने कागद मागून घेतला व स्वतः वाचला. मी मान खाली घालून उभा होतो. वाचून झाल्यावर तिने जपून ठेवलेल्या आवाजातील काही शब्द खर्च केले. "तिला कळलेलं नाही," ती म्हणाली. "परत लिही. साधं लिही."

आई तुझी बाजू घेते, हे नवीन नाही. लहानपणी बरणी तू फोडायचीस आणि आईच्या मते धक्का माझा लागलेला असायचा. परंतु 'साधं लिही' याचा अर्थ मला लागला नाही. मी साधेच लिहितो. यावर तुझी वहिनी मला म्हणाली की, माझे पत्र मुद्द्यावर येईपर्यंत वाचणाऱ्याचे केस पिकतात. घरात अशी थट्टा चालण्याचे हे दिवस नव्हेत, असे मी तिला सांगितले.

आता पुन्हा लिहितो, आणि याहून साधे मला लिहिता येत नाही. आईच्या घशाची शस्त्रक्रिया १६ तारखेला आहे. त्यानंतर ती कधीही बोलू शकणार नाही. कचेरीतील एका सहकाऱ्याने आवाज साठवून ठेवणारे छोटे यंत्र देऊ केले होते. ते आईपुढे ठेवले, तर तिने बोटाने मागे सरकवले. तू येणार आहेस, मग यंत्रात कशाला बोलायचे, असा त्याचा अर्थ.

ती सकाळपासून पुढच्या खोलीत रस्त्याकडे तोंड करून बसते. मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला की उठते. तू यावेस, एवढेच. कळावे, लोभ असावा.

तुझा,
दादा


४ एप्रिल
(फोनवरून संदेश)

दादा, दोन्ही पत्रं जुळी भावंडं. तेच ते लिहितोस, तरी वाचायला बरं वाटतं. सगळं क्षेम आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला. सुट्टी आता मोडत नाही. साठवून वर्षअखेरीला एकदम येते. आईला म्हणावं, तोवर धीर धर. चिऊ


२० एप्रिल
(ईमेल)

आई बोलत नाही. तुझ्या सुट्टीची आता येथे कोणी वाट पाहत नाही.


२१ एप्रिल
(फोनवरून संदेश)

बोलत नाही म्हणजे? मी काय केलं? केस कापल्याचं सांगितलंस ना? तिचा राग मला नवा नाही, नाकावरच असतो. तू मध्ये पडू नकोस. दोन दिवसांनी आपणहून बोलेल. लाव पैज. चिऊ


२२ एप्रिल
(टपालाने)

चिऊ,

वर मायना नाही, हे तुझ्या लक्षात येईल. आशीर्वाद लिहावयास घेतला, पण हात पुढे सरकला नाही. पत्र टपालाने पाठवीत आहे, कारण संगणक उघडला की 'लाव पैज' हे शब्द समोर येतात व बोटे चालत नाहीत. हे पत्र तुझ्या हाती पडेपर्यंत आपणा दोघांत काही लिहिण्याजोगे उरलेले असेल की नाही, हे मला सांगता येत नाही.

झाले ते असे. १६ तारखेस सकाळी आईला शस्त्रक्रियेसाठी नेले. मागील सुमारे तीन आठवडे ती जवळजवळ बोललीच नव्हती. शेजारणी भेटायला आल्या, तर त्यांच्याकडे पाहून हसायची. मी दोनदा रागावलो. आमच्याशीही थोडे बोल, आम्हीही तुझेच आहोत, असे म्हणालो. तिने माझा हात थोपटला, बस्स. सर्व आवाज तुझ्यासाठी राखून ठेवलेला होता. त्यातील घोटभरही आम्हाला मिळाला नाही, आणि तुला नको होता.

त्या सकाळी तिने केस स्वतः विंचरले. चाकांच्या खाटेवरून मार्गिकेतून नेताना ती मान वर करून मागे जिन्याकडे पाहत होती. नर्सने मान खाली ठेवायला सांगितली, तरी तिने ऐकले नाही. दाराशी पोहोचल्यावर डॉक्टर बाहेर आले. समजूतदार माणूस आहे. कोणाशी काही बोलायचे असेल तर आता बोलून घ्या, घाई नाही, असे म्हणाले. तुझी वहिनी रडू लागली. मी खाटेवर वाकलो. मला वाटले, आता ती मला काही सांगेल. मुलगा म्हणून, थोरला म्हणून, काहीही.

आई म्हणाली, "ट्रक चुकला असेल तिचा."

हे तिचे शेवटचे वाक्य. यानंतर कोणतेही वाक्य नाही आणि होणारही नाही. तुझ्यासाठी सबब शोधण्यात तिने तिचा आवाज संपवला.

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. गळ्याच्या पुढील बाजूस श्वासासाठी एक छिद्र ठेवले आहे. ती पेज घेते, उशीला टेकून बसते. रुग्णालयाने एक छोटी पाटी दिली आहे. शुद्धीवर आल्यानंतर तिने पाटीवर लिहिलेला पहिला शब्द 'चिऊ' होता, आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. मी ती पाटी उलटी करून ठेवली.

'आपणहून बोलेल, लाव पैज' हा तुझा संदेश मी तिला दाखवलेला नाही. तो माझ्यापाशीच राहील.

तू परिचारिका आहेस. परक्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसतेस, असे खाणीवरचे लोक सांगतात. मला तुझ्याकडून आता काहीही नको. केवळ हे कोणत्या मनाने लिहिलेस, तेवढे समजले असते तर बरे झाले असते.

दादा


१५ मे
(फोनवरून, एकामागून एक आलेले संदेश)

दादा, तुझं टपालाचं पत्र आत्ता मिळालं. ट्रकजवळ उभी राहूनच फोडलं. कसली शस्त्रक्रिया? कुठला आवाज? मला काही म्हणजे काहीच माहीत नव्हतं.

आईला बरं वाटतंय ना, एवढं आधी सांग. खरं सांग. बाकी मग.

'यांनी' मला दगडावर बसवलं. पत्र यांनी वाचलं. मग सरळ टाकीपर्यंत हात धरून घेऊन आले.

तू मला दोनदा लिहिलंस म्हणतोस. तुझी दोन्ही पत्रं माझ्या फोनमध्ये आहेत. जशीच्या तशी उतरवते. यापेक्षा एक अक्षरही जास्त आलेलं नाही. बघ.

'चि. सौ. चिऊ हिस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र पोहोचले, मजकूर समजला. इकडील सर्व क्षेम असून तुम्हां उभयतांचे क्षेम वेळोवेळी कळवीत जावे. प'

दुसरंही हेच. अगदी हेच. म्हणून जुळी भावंडं म्हणाले. मला वाटलं, फोनवर दादा तेवढंच लिहितो. क्षेम आहे, विशेष काही नाही. तुझा आशीर्वाद आला म्हणून आनंद झाला रे. दुसरा कशाचा होणार?

शेवटी नुसता 'प' का, असं मी कारकुनाला विचारलं होतं. तो म्हणाला, 'पत्र पूर्ण' अशी खूण असेल. मला पटलं. दोन्हीकडे होता.

आणि तिसऱ्यात लिहिलंस, आई बोलत नाही. मला वाटलं, रुसली. आपल्याकडे बोलत नाही म्हणजे रुसलीच ना? बोलता येत नाही असं का नाही लिहिलंस, दादा? मी पैज लावायला निघाले होते.


१५ मे
(ईमेल)

चिऊ, आई बरी आहे. घरी आली आहे. जखम भरते आहे. हे आधी.


१५ मे
(ईमेल)

'प' म्हणजे 'पत्र लिहिण्यास कारण की'. त्यापुढे आई होती.


१६ मे
(ईमेल)

आज अर्ध्या दिवसाची रजा काढून फोन कंपनीच्या कचेरीत गेलो. खिडकीवर एक मुलगी होती. ती म्हणाली, सुरुवातीची ठरावीक अक्षरंच जातात, काका.


१६ मे
(ईमेल)

मी विचारले, उरलेला मजकूर कोठे ठेवता? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, कुठेच नाही. तो कापला जातो. महत्त्वाचं आधी लिहायचं असतं.


१६ मे
(ईमेल)

घरी येऊन दोन्ही पत्रे पुन्हा वाचली. दोन्हींत प्रथम लिहिले आहे : इकडील सर्व क्षेम. क्षेम नव्हते. तो मायना होता, चिऊ. बातमी नव्हती. हात आपोआप लिहितो.


१६ मे
(फोनवरून संदेश)

दादा, उद्याचा ट्रक धरते. रजा मागितली नाही, सांगितली. आता एकच सांग. मधले सगळे दिवस आईला काय वाटत होतं माझ्याबद्दल? गोड करून लिहू नकोस.


१६ मे
(ईमेल)

मला वाटत होते ते तिला कधीच वाटले नाही. तुला कळलेले नाही, असे ती पहिल्याच दिवशी म्हणाली. मी त्याचा अर्थ घेतला, तुला कळत नाही.


१६ मे
(ईमेल)

साधं लिही, असेही तीच म्हणाली. तेही मला समजले नाही. वाक्य दोनच शब्दांचे असले की मी त्यात काही असेल असे धरत नाही.


१७ मे
(फोनवरून संदेश)

ऑपरेशनच्या दिवशी मी इथे एकाच्या अंगठ्याला टाके घालत होते आणि गाणं गुणगुणत होते. सकाळची वेळ होती. हे आठवलं आणि टाकीवरून खाली उतरताच येईना. तिने माझ्यासाठी ठेवलं होतं ते काय होतं, दादा? कुणाला म्हणाली का?


१७ मे
(ईमेल)

कोणालाही नाही. आज दुपारी मी पाटी तिच्यापुढे धरून विचारले. तत्पूर्वी तुझे सर्व संदेश तिला वाचायला दिले. पैजेचाही. तो वाचून तिचे खांदे हलू लागले.


१७ मे
(ईमेल)

मी घाबरून वहिनीला हाक मारली. आई हसत होती. हसण्याचा आवाज येत नाही, फक्त गळ्याच्या छिद्रातून श्वास जोराने येतो. शस्त्रक्रियेनंतर ती आजच हसली.


१७ मे
(ईमेल)

मग माझी दोन्ही पत्रे मागितली. वरच्या ओळींवर बोट ठेवून 'प'पर्यंत आली, तेथे थांबली. माझ्याकडे पाहिले. तसे तिने मी नापास झालो तेव्हाही पाहिले नव्हते.


१७ मे
(फोनवरून संदेश)

तिने काय लिहिलं ते सांग. ट्रक भरतोय. टाकीवर शेवटचं चढलेय, आता तिकडे पोहोचेपर्यंत फोन बंद.


१७ मे
(ईमेल)

तिने लिहिले : 'ठेवलेलं आता जुनं झालं. तू आल्या आल्या दादावर ओरड. माझ्या वाटचंही तूच ओरड. मी समोर बसून ऐकते.' मजकूर आईने तपासला. दुरुस्ती नाही.